उलट्या वेढ्याचं बटण

नगरपालिकेच्या धुलाई विभागामागे एक लांबट खोली आहे. खिडक्या तीन, टेबलं दोन, शिलाई मशीन एक आणि राज्य मावशीचं. बसचालकांची जाकिटं, सफाई कामगारांचे कोट, शिपायांचे गणवेश... शहराच्या अंगावरचं जे काही उसवतं, फाटतं, तुटतं ते सगळं एकवीस वर्षं या खोलीत येतंय आणि मावशीच्या डाव्या हाताखालून पुन्हा शहराच्या अंगावर जातंय.

हो, डाव्याच. मावशी पक्की डावखुरी. कात्री डाव्या हातात, सुई डाव्या हातात, रागावली की उगारायची फूटपट्टीही डाव्याच हातात.

"मावशी, मग उजवा हात कशाला दिलाय देवानं?"

"तुमच्यासारख्यांचे कान धरायला. डावा कामात असतो ना!"

मावशी कपडा नुसता बघत नाही, वाचते. "काय हो ड्रायव्हरसाहेब, बाही एकाच कोपराला झिजलीय. गाडी चालवता की खिडकीत टेकून गावगप्पा मारता?" असं म्हटलं की समोरचा माणूस जाकीट घेऊन पळालाच पाहिजे.

तर अशा या मावशीच्या टेबलावर एका सकाळी गणवेशांच्या नव्या ठेक्यातलं एक जाकीट आलं. खिसा फाटला होता, बाकी काही नाही. मावशीनं ते सरळ केलं, आणि तिची नजर वरून दुसऱ्या बटणावर जाऊन जी थांबली, ती थांबलीच.

जाड कापडावर बटण अगदी चिकटवून लावत नाहीत. बटण आणि कापडाच्या मध्ये दोऱ्याची बारीकशी मान ठेवतात आणि त्या मानेला दोऱ्याचे वेढे देतात. उजव्या हाताची माणसं हे वेढे घड्याळाच्या काट्यांसारखे देतात. मावशी उलटे देते. आणि या जाकिटाच्या बटणाचे वेढे उलटे होते.

"हे मी लावलेलं नाही," मावशी स्वतःशीच म्हणाली. मग तिनं चष्मा पुसला. मग पुन्हा बघितलं. मग जाकीट गुपचूप आपल्या पिशवीत घातलं.

कारण असे वेढे देणारी आणखी एकच व्यक्ती तिला माहीत होती. तिची धाकटी बहीण, जी रोज एका शिलाई कारखान्यात जायची आणि तिथलं कधी धड सांगायची नाही. धाकटी उजव्या हाताची, पण आठ वर्षांची असताना शेजारी बसून ताईचं बघून बघून शिकली. "पोरीला उलटं शिकवू नकोस गं!" म्हणून आई ओरडायची, पण तोवर हाताला वळण लागून गेलं होतं.

रात्री दोघी बहिणींच्या दोन खोल्यांच्या घरात धाकटी भांडी पुसत होती.

"काय गं, तुमच्या कारखान्याला खिडक्या किती?"

"किती म्हणजे? आहेत की. मोठ्या मोठ्या."

"आणि बटणं कोण लावतं?"

"मशीन लावतं. ताई, तू काय जनगणनेला निघालीयस?"

मावशीनं जाकीट तिच्या पुढ्यात ठेवलं. धाकटीच्या हातातलं ताट हातातच राहिलं. तिनं त्या बटणाकडे बघितलं, चोरी पकडली गेल्यासारखं.

"खिडकी एकही नाही," ती म्हणाली. "शटर आहे. सकाळी सातला आत गेलो की बाहेरून कुलूप. उघडतं ते संध्याकाळी सातला. पाणी बेतानंच प्यायचं, कारण जागेवरून दोनदाच उठू देतात. फोन दारातल्या डब्यात. आणि बटणं हातानंच, आम्ही दोघी-तिघी लावतो."

"आणि आग लागली तर?"

"किल्ली असते ना मुकादमाकडे."

"आणि मुकादम?"

"जेवायला घरी जातो."

मावशी ताडकन उठली. धाकटीनं तिचा हात धरला.

"ताई, बोलू नकोस कुठं. आम्ही साठ जणी आहोत. नगरपालिकेनं माल घेणं बंद केलं तर आम्ही जायचं कुठं? आणि नाव कळलं तर मी उद्याच बाहेर. एक दिवस गैरहजर राहिलं तरी जागा जाते तिथं."

"मी माल बंद करा म्हणणारच नाही. मी म्हणेन, शटर उघडा, मग घेऊ. आणि याच साठ जणींच्या हातचा घेऊ."

"आणि माझं नाव?"

"माझ्या तोंडून निघणार नाही. शपथ."

"कुणाची?"

"माझ्या डाव्या हाताची."

"मग ठीक आहे," धाकटी म्हणाली. "तेवढ्यावर माझा विश्वास आहे."

दुसऱ्या दिवसापासून मावशीच्या खोलीतून जो कपडा बाहेर पडला, त्याच्या खिशाला टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली असायची. 'हे कुठं शिवलं गेलं, ते विचारा.' एवढंच. पहिल्या आठवड्यात लोक हसले. दुसऱ्या आठवड्यात बसडेपोतल्या चालकांनी साहेबांना विचारलं. साहेबांनी मोठ्या साहेबांना विचारलं. विचारायला येणाऱ्यांना मावशी कुणाचं नाव न घेता कुलपाचं तेवढं सांगायची. महिन्याभरात अग्निशमन दलाचे जवान मावशीच्या दारात उभे. "मावशी, आम्ही कुलपं तोडून लोकांना बाहेर काढायचं, आणि आमचेच कोट कुलपाआड शिवायचे? अर्ज कुठंय? आणा, सही करतो!" अर्ज नव्हताच. मावशीनं तिथल्या तिथं कापायच्या कागदावर खडूनं लिहिला. धुलाईवाल्यांनी सह्या केल्या, सफाईवाल्यांनी केल्या, बागेच्या माळ्यांनी केल्या. कागद संपला तेव्हा त्याला दुसरा कागद जोडला. शिवून!

आणि ठेका पुढच्या तीन वर्षांसाठी मंजूर व्हायचा होता त्या दिवशी मावशीला सभागृहात बोलायला मिळाली तीन मिनिटं.

सभागृह खचाखच भरलेलं. वर प्रेक्षकांच्या सज्जात गणवेशच गणवेश. ठेकेदार पहिल्या रांगेत. त्याच्या मांडीवर गुळगुळीत कागदाची फाईल, फाईलमध्ये कारखान्याचे फोटो, फोटोंत कुंड्या.

"महापौरबाई," तो अदबीनं म्हणाला, "सगळं काम आमच्याच कारखान्यात होतं. टाका न् टाका मशीनवर. बटणसुद्धा मशीनवर. लेखी दिलंय."

मावशी उठली. माईककडे न जाता ती सरळ दारावरच्या शिपायाकडे गेली.

"दादा, नवं जाकीट ना? जरा हलू नका."

आणि कच्! त्याच्या छातीवरचं दुसरं बटण तिनं मानेच्या वेढ्यांसकट कापून हातात घेतलं. शिपाई "अहो, अहो!" करत राहिला.

"हे बटण हातानं लावलंय," मावशी माईकवर म्हणाली. "मशीन असे वेढे देत नाही. आणि हे वेढे उलटे आहेत. वर बसलेल्यांनो, आपापल्या छातीवरचं बटण बघा बरं!"

सज्जात एकच गडबड उडाली. माना खाली, हनुवट्या छातीवर. "माझं उलटंय!" "माझं नाही!" "माझंपण उलटंय, मावशी!"

ठेकेदार हसला. सावकाश उठला.

"बाई, तुम्ही डावखुऱ्या ना? म्हणजे हे उलटे वेढे तुमचेच. गणवेशाची डागडुजी कोण करतं? तुम्हीच. बटणं तुम्ही लावायची, वर आमच्यावर आळ घ्यायचा?"

सज्जातल्या माना मावशीकडे वळल्या. मावशीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. एवढे दिवस बटणांवर डोळा ठेवला, आणि एवढी साधी गोष्ट सुचू नये? पुरावा आणायला निघाली, आणि पुराव्यावर सही स्वतःचीच!

"एक मिनिट उरलंय," महापौरबाई म्हणाल्या.

मावशीनं हातातलं बटण बोटांत फिरवलं. आणि एकदम तिचे डोळे लकाकले.

"भांडारात याच ठेक्याचे गठ्ठे आहेत ना? न उघडलेले?"

"आहेत," भांडारप्रमुख म्हणाला. "ठेकेदाराचंच सील आहे त्यांना."

"मग आणा की एक! त्यातलं बटण तर मी लावलेलं नाही!"

ठेकेदार म्हणाला, "याची काही गरज नाही." महापौरबाई म्हणाल्या, "मला आता गरज वाटायला लागलीय." दोन चालक धावतच गेले आणि गठ्ठा खांद्यावर घेऊन धावतच आले. सील तुटलं. पहिलं जाकीट: सुलटे वेढे, पण हाताचेच. दुसरं: सुलटे. ठेकेदाराची मान ताठ. तिसरं... महापौरबाईंनी स्वतः ते खिडकीच्या उजेडात धरलं.

"उलटे!"

सज्जा दणाणला. चौथं सुलटं, पाचवं उलटं. मशीनचं एकही नाही.

"मग हा हात कुणाचा आहे?" महापौरबाईंनी विचारलं. "आणि तो काम कुठं करतो? हे कळल्याशिवाय मला चौकशी लावता येणार नाही."

मावशीनं डावा हात पदरात घट्ट आवळून धरला.

"मावशी, सांगा की!" वरून कुणीतरी ओरडलं.

"नाही सांगणार," मावशी म्हणाली. "शपथ घेतलीय."

"म्हणजे कुणी नाहीच!" ठेकेदार म्हणाला.

"आहे ना."

सज्जाच्या अगदी मागच्या रांगेतून एक बाई उठली होती. सकाळी सातला आत जायच्या ऐवजी ती शटरसमोरून पुढं चालत आली होती, थेट इथवर.

"अगं वेडे, तुझी जागा जाईल!" मावशी माईकवरच बोलली, आणि ते सगळ्या सभागृहाला ऐकू गेलं.

"गेली असेल एव्हाना," धाकटी जिना उतरत म्हणाली. "दादा, सुई मिळेल का कुणाकडे?"

सुई मिळाली नसती तर नवल! मावशीच्या पदराला कायम दोन टोचलेल्या. धाकटी टेबलाशी बसली, गठ्ठ्यातल्या जाकिटाचं एक बटण तोडलं आणि उजव्या हातानं लावायला घेतलं. मान. एक वेढा, दुसरा, तिसरा. उलटे! लावता लावता ती बोलत होती. कुठली गल्ली, कितवं शटर, कुलूप कुठलं, किल्ली कुणाकडे, आतल्या बायका किती. दोरा तोडून तिनं जाकीट महापौरबाईंच्या पुढ्यात सरकवलं.

"आत्ता जाऊन बघा. आत्ता. मुकादम जेवायला गेला असेल."

मग ठराव झाला, तो मावशीच्या खडूनं लिहिलेल्या अर्जातल्याच शब्दांत: जिथलं दार आतून उघडतं आणि जिथं नगरपालिकेची माणसं न सांगता कधीही जाऊ शकतात, तिथलाच कपडा हे शहर अंगावर घालेल, आणि आज जे हात शिवतात, तेच हात कामावर राहतील. हात वर झाले. मावशी मोजायला लागली आणि अर्ध्यात रडायलाच लागली, तेव्हा मोजणी चालकांनी पुरी केली. विरोधात तिघं. अग्निशमन दलाची गाडी तर केव्हाच निघाली होती. कुलूप तोडायला त्यांना ठरावाची वाट बघायची नव्हती.

बाहेरच्या व्हरांड्यात दोघी बहिणी बाकावर टेकल्या. "मी नाव नाही हं घेतलं," मावशी म्हणत होती. "एकदाही नाही." "माहितीय गं ताई," धाकटी म्हणत होती.

तेवढ्यात दारावरचा शिपाई छातीवर हात धरून समोर उभा राहिला.

"तुमचं सगळं छान झालं, मावशी. पण माझं बटण?"

मावशीनं मूठ उघडली. बटण अजून तिथंच होतं, घामानं ओलं. ते तिनं धाकटीच्या तळहातावर ठेवलं.

"सुलटं लावू का?" धाकटीनं सुई ओवत विचारलं.

"लावून तर बघ," मावशी म्हणाली, आणि फूटपट्टी उगारावी तसा डावा हात उगारला.