धुरपताबाईच्या पेटीचं कुलूप

धुरपताबाईनं डोंग्यातल्या पेटीले कुलूप लावलं, तवा घाटावर सगळ्यात मोठ्यानं हासणारा मीच होतो. मी सेवकराम, घाटावर चहाची टपरी चालवतो. लपवून काय करू? हासलो म्हणजे हासलो. आमच्या घाटावर डोंग्याले कधी कुलूप लागलं नाई. ज्याले पायजे त्यानं दुसऱ्याचं वल्हं उचलावं, काम झालं का ठेवून द्यावं, अशी आमची रीत. त्यात ह्या बाईनं पितळी कुलूप ठोकलं, म्हणजे सगळ्या घाटाच्या थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"काहून वो वहिनी, आमी चोर दिसतो काय तुमाले?" मी विचारलं.

"चोर म्हणलं काय मी? पेटी मायी, कुलूप मायं. तुमचं पोट काहून दुखून राहिलं?"

असं तिचं बोलणं. माहेर दिघोरीचं, पण लग्न होऊन वीस वर्षं झाली, आता त्या जिभेचा दोष दिघोरीले तरी कसा द्यायचा? नवरा अमर तुमसरले राईस मिलमध्ये, पंधरा दिवसांतून एकदा घरी येते. शेतीचं सगळं हिच्यावर. धरणाचं पाणी चढलं अन् वैनगंगा गावाच्या पायरीपर्यंत आली, तवा हिचं तीन एकर पल्याड राहिलं. सडकेनं जायचं तं दोन बसा बदला अन् वरून कोसभर चाला. पाण्यातून वीस मिनिटं.

हिच्या बांधाले लागून गोपीचंदचं वावर. गोपीचंद गावातला वजनदार माणूस. त्याले ते तीन एकर बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, कसायले पायजे होतं. "बाईमाणसानं पाण्यातून कुठं हिंडायचं?" असं तो दर उन्हाळ्यात अमरच्या कानात घाले. यंदा त्यानं स्वतःसाठी मोटरबोट आणली अन् जुना फायबरचा डोंगा विकायले काढला. तो कोणी घ्यावा? धुरपताबाईनं! गोपीचंदनं देल्लाबी. त्याले वाटलं, महिन्याभरात बाई थकंल अन् डोंग्यासकट वावर घेऊन दारात येईल.

सौदा पोळ्याच्या आधी मायाच टपरीवर झाला. डोंग्याच्या बुडाशी एक लंबी लोखंडी पेटी होती. वल्हे, विळे, ताडपत्री, सगळं मावंल एवढी. तिले गोपीचंदचं कुलूप लागलेलं. वजनदार माणसाच्या कुलपाले घाटावर कोणी कुलूप म्हणत नव्हतं.

"चावी?" बाईनं विचारलं.

"ते पाण्यात पडली वो," गोपीचंद चहाचा फुरका मारत म्हणला. "पेटी रिकामीच हाये. तोडून टाका कुलूप."

"चांगलं कुलूप कायले तोडू?"

बाईनं कडीचे नटबोल्ट खोलले, कडीसकट कुलूप पिशवीत टाकलं अन् एसटीनं भंडाऱ्याले गेली. तिथं स्टँडजवळ चावीवाला बसते. त्यानं कानस घासून घासून चावी करून देल्ली, अन् देता देता म्हणला, "बाई, चावी नवी झाली, कुलूप जुनंच हाये." बाईनं ते आल्यावर मले सांगतलं. आमी दोघंबी हासलो. नवं कुलूप खपवाचं असंल बिचाऱ्याले, असं वाटलं आमाले. बह्याड, येडे आमीच.

दिवाळी झाली, धान कापणीले आलं. पल्याड बांधाच्या धुऱ्यावर रानडुकरांचा कळप दिसला होता. चार दिवसांत कापलं नाई तं वर्षाची मेहनत डुकरांच्या पोटात. बाईनं मजुरीवाल्या चंदाले अन् तिच्या टोळीतल्या सात बायांले कापणीचं सांगून ठेवलं. ठरल्या सकाळी सगळ्या घाटावर हजर. बाईनं पेटी खोलली. वल्हे नाई. विळे नाई. ताडपत्रीबी नाई. अन् कुलूप कसं? जसंच्या तसं, बंद.

घाट गोळा झाला. जो तो तोंड वाजवून राहिला. चावी हिच्याच जवळ, मंग चोर कोण? "घरीच विसरल्या असाल," मीबी म्हणलो. तिनं दुसऱ्याचं वल्हं मागतलं, तं कुलूपवालीले कोणी वल्हं देल्लं नाई. माया टपरीमागं एक जोडी पडून होती. मीबी नाई देल्ली. गोपीचंद मातर लय गोड बोलला. "वहिनी, अजूनबी वेळ गेली नाई. बटईनं द्या, माया मोटरनं दोन दिवसांत कापून नेतो."

बाया परत गेल्या. धुरपताबाई कुलूप हातात घेऊन पायरीवर बसली. रडंल असं मले वाटलं. रडते कुठची! एकदम उठली अन् मले म्हणली, "तोडलं नाई, सेवकरामभाऊ. खोललं."

तशीच भंडाऱ्याले गेली. चावीवाल्यानं कुलपाच्या आतलं सगळं बदलून देल्लं. बाहेरून कुलूप तेच, तोच पोचा, तोच ओरखडा. चावी मातर दुसरी. हे आमाले मागून समजलं. इकडं सुताराले सांगून तिनं नवे वल्हे करून घेतले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांदेखत ते पेटीत टाकले, कुलूप लावलं अन् मोठ्यानं म्हणली, "बाया घेऊन आलीच मी. आज कापणी सुरू."

जेवणाची वेळ. घाट रिकामा झाला. मी टपरीत डुलक्या घेऊन राहिलो होतो. तेवढ्यात गोपीचंद घामाघूम होऊन डोंग्यांकडूनच आला. "चहा दे," म्हणला अन् सवयीनं चाव्यांचा झुपका टेबलावर फेकला. त्यातली एक पिवळी चावी अर्धीच होती. मी पाहिलं, पण डोक्यात काही शिरलं नाई. चहा ओतला.

मंग घाटावरून धुरपताबाईचा आवाज आला. "कोणाची हाये वो ही?"

जेवण टाकून सगळे घाटावर धावले; मी अन् गोपीचंद टपरीतूनच पाहून राहिलो. कुलपात चावीचा तुकडा मोडून फसला होता. मागं चंदा अन् बाया, घरून आणलेले विळे हातात घेऊन उभ्या.

"पाहा, स्वतःच मोडली," गोपीचंद टपरीतूनच ओरडला.

बाईनं कनवटीची चावी काढून वर धरली. अख्खी होती. "मायी हे राहिली. मंग आत कोणाची हाये?"

गोपीचंदचा हात झुपक्याकडे गेला. माया हात आधी पोचला. टपरीची जागा त्याच्या भावाची, रोजचं गिऱ्हाईक तो, अन् त्याच्याशी वाकडं घेऊन गावात राहणं सोपं नाई. हे सगळं मले माहीत होतं. तरीबी मायं डोकं सटकलं. ह्या माणसापायी मी दोन दिवस एका बाईले खोटी समजत होतो! झुपका घेऊन पायऱ्या उतरलो अन् अर्धी चावी कुलपातल्या तुकड्याले लावली. बरोबर जुळली.

धुरपताबाईनं तवा पयल्यांदा त्याले 'तू' म्हणलं. "गोपीचंद, मोटर काढ. माये वल्हे तुया चावीनं अडकवले, तं आता तुयी मोटर नेईल आमाले. आजबी, उद्याबी, धान घरी येईपर्यंत."

"नाई म्हणलो तं?"

"तं हे दोन्ही तुकडे घेऊन मी ठाण्यात जाते. घाट साक्षीले हाये."

गोपीचंदनं घाटाकडे पाहिलं. घाटानं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मोटर काढली. चंदा अन् बाया ऐटीत बसल्या, धुरपताबाई सगळ्यात समोर. तीन दिवस गोपीचंदनं खेपा मारल्या अन् तीन एकराचं धान सगळं घरी आलं. जुने वल्हे अन् विळेबी त्याच्याच गोठ्यातून निघाले.

शेवटची खेप झाली तवा बाई टपरीवर चहाले आली. नवं कोरं कुलूप पिशवीत होतं. मी जरा छाती फुगवून म्हणलो, "वहिनी, त्या दिवशी मी झुपका उचलला म्हणून बरं झालं."

तिनं कप खाली ठेवला. "सेवकरामभाऊ, चावी पाण्यात पडली असं तो म्हणला, तवा झुपका कुठं होता?"

मी टेबलाकडे पाहिलं. इथंच होता. ते पिवळी चावी तीन महिने रोज इथंच पडत होती अन् टेबल पुसताना मीच ते उचलून बाजूले ठेवत होतो. लाजेनं माया जीव अर्धा झाला, खरं सांगतो.

"कुलपाले सगळे हासले," बाई म्हणली. "चावीकडे कोणी पाहिलं नाई. आता घाटाले सांगून ठेवा, कुलूप मी लावणारच. ज्याले राग येते त्यानं मायासमोर येऊन बोलावं."

ती पायऱ्या उतरली अन् सगळ्यांसमोर पेटीले नवं कुलूप लावलं. घाटावर दहा-बारा माणसं होती. ह्या बारीले सगळ्यांनी चावीकडे पाहिलं.