तलावाकाठच्या तारखा

शहरात तिला सगळे तारीखबाई म्हणत. नगरपालिकेच्या पर्यटन कक्षात ती एकोणीस वर्षं होती आणि वर्षभरात कधी काय भरवायचं ते तीच ठरवायची: उन्हाळ्यात फुलांचं प्रदर्शन, पावसाळा सरला की तलावात होड्यांच्या शर्यती, थंडीत काठावर दिव्यांचा आठवडा. लग्नाची तारीख काढतानाही लोक आधी तिला फोन करत, कारण शर्यतींच्या दिवसांत पाहुण्यांना शहरात खोली मिळायची नाही.

तलावासमोर तिच्या नवऱ्याचं आठ खोल्यांचं लॉज होतं. शर्यती आल्या की तो स्वतःची खोलीही गिऱ्हाइकाला देऊन टाकी आणि दोघं स्वयंपाकघरात पथारी पसरत. "तुझ्या तारखांवर आपलं घर चालतं," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. ती "पुरे आता" म्हणे, पण ऐकून घेई.

मग तलावात जलपर्णी वाढायला लागली. आधी एका कोपऱ्यात, तिसऱ्या वर्षी निम्म्या पाण्यावर. शहराचं सांडपाणी सरळ तलावातच येत होतं. दर वर्षी ती साहेबांपुढे टिपण ठेवी: आधी तलाव साफ करा, मग कार्यक्रम.

"बाई, आपलं खातं कार्यक्रमांचं," साहेब म्हणत. "तलाव पाणीपुरवठ्याकडे आहे."

पाणीपुरवठ्याचे लोक म्हणत, हे पाणी कोणी पीत नाही, मग ते आमचं कसं? टिपण या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं. शेवटी एका शर्यतीत तीन होड्या जलपर्णीत अडकल्या, वल्हेकऱ्यांना दोर टाकून ओढून काढावं लागलं, आणि शर्यती बंद झाल्या.

तिनं हातपाय गाळले नाहीत. पाणी नाही तर रस्ते दाखवू, म्हणून तिनं जुन्या बाजारातून पायी फेरीचा आठवडा आखला. दुपारच्या उन्हात स्वतः चालून बाकं मोजली, सावली कुठे पडते ते पाहिलं, तीन दुकानदारांना त्यांची स्वच्छतागृहं उघडी ठेवायला राजी केलं. फेरीला बाराजण आले. त्यातले आठ शहरातलेच, आणि दोघं चुकून बसस्टँडची वाट विचारायला थांबलेले.

त्यानंतर नगरपालिकेनं बाहेरची एक एजन्सी नेमली. एजन्सीनं थंडीतला आठवडा 'निळ्या पाण्याचा उत्सव' म्हणून जाहीर केला आणि चकचकीत पोस्टर काढलं. त्यावर निळंशार पाणी होतं आणि मागे डोंगरांची रांग.

"साहेब, हे डोंगर कुठले?" तिनं विचारलं. दिवसभर चाललं तरी लागेल असा डोंगर त्या मुलुखात नव्हता.

"लोक डोंगर मोजायला येत नाहीत, बाई. तुम्ही फक्त चौकशीच्या टेबलावर बसा."

आणि लोक खरंच आले. सहा वर्षांत पहिल्यांदा आठही खोल्यांची आधीच नोंदणी झाली. नवऱ्यानं दारांना रंग दिला, पांघरुणं धुऊन गच्चीवर वाळत घातली, आणि तिच्यासमोर शीळ घालत फिरला. पोस्टरचं तिनं त्याला सांगितलं नाही. त्यानं ते स्वतःच लॉजच्या दारावर चिकटवलं होतं.

शनिवारी सकाळी लोकांनी बसमधून उतरून लॉजवर सामान टाकलं आणि थेट काठ गाठला. वास लांबूनच येत होता. एक म्हातारे गृहस्थ बायकोचा हात धरून तिच्या टेबलापाशी आले आणि पोस्टर पुढे ठेवून म्हणाले, "आम्हांला हा तलाव बघायचाय. वाट चुकलो बहुतेक."

त्यांच्या बायकोनं या दिवसासाठी नवी चप्पल घेतली होती. ती चावत असावी, कारण त्या एका पायावर उभ्या होत्या. साहेब मागेच होते. तारीखबाई म्हणाली, "हा फोटो इथला नाही. इथं एवढंच पाणी आहे."

भोवतालच्या लोकांनी ते ऐकलं. दुपारपर्यंत आठही खोल्या रिकाम्या झाल्या.

ती घरी आली तेव्हा नवरा न वापरलेल्या चादरींच्या घड्या घालत होता.

"तू सांगितलं नसतंस तर?"

"अहो, त्यांना डोळे होते."

"तरी एक रात्र राहिले असते," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बोलता आलं असतं.

साहेबांनीही तिला रागावून काही म्हटलं नाही. महिनाभरात कक्ष गुंडाळला गेला आणि तिला नळजोडणीच्या अर्जांवर बसवलं. पाणीपुरवठा आता तिचंच खातं होतं, म्हणून तिनं तलावाचं टिपण पुन्हा लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, तलाव आता एजन्सीकडे आहे. एजन्सी करार संपवून केव्हाच निघून गेली होती. नवऱ्यानं लॉजच्या आठही खोल्या सिमेंटच्या गोण्या ठेवायला भाड्यानं दिल्या. दोघं एकाच ताटलीतून फळं खात, टीव्ही बघत, आणि तलावाकडची खिडकी बंद ठेवत.

थंडीच्या सुरुवातीला, दिव्यांच्या माळा लावणाऱ्या वायरमनचा तिला कचेरीत फोन आला. दर वर्षी याच सुमाराला तो काठावर खांब मोजायला येई.

"ताई, यंदा कोणती तारीख धरू?"

"यंदा नाही."

"मग पुढच्या वर्षी?"

समोर नळाचे अर्ज घेतलेली माणसं रांगेत उभी होती.

"दुसरीकडे काम मिळत असेल तर घ्या, भाऊ," ती म्हणाली. फोन ठेवून तिनं पुढच्या माणसाचा अर्ज हातात घेतला.