आमचा वार मंगळवार

जगात विजेला कुणी शिस्त लावली असेल, तर ती भोसरीच्या आमच्या घरमालकांनी. हे मी पूर्ण जबाबदारीनं लिहितो, कारण मी स्वतः पिंपरीच्या एका कारखान्यात वायरमन होतो आणि वीज म्हणजे काय हे आपल्याला कळतं, असा माझा समज होता. मालकांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली, विहिरीभोवतीचा तुकडा तेवढा राहिला. तिथं त्यांनी ओळीनं पाच खोल्या बांधल्या, वर पत्रे घातले आणि आमच्यासारख्या बाहेरगावच्या कामगारांना भाड्यानं दिल्या. लाईट-पाणी भाड्यातच, अशी त्यांची ख्याती ऐकून लग्नानंतर मी खोली बघायला गेलो. नोकरी, पगार, गाव, यातलं काही त्यांनी विचारलं नाही. बाजेवर बसल्या बसल्या एवढंच म्हणाले, "तुमी लावनार काय?"

मी बावळटासारखा बघत राहिलो. "इस्त्री लावनार, का रेडू, का पानी तापवायचा रॉड? इस्त्री म्हंजी ऊस. बल्ब म्हंजी जवारी. रेडू म्हंजी कोथमीर. पानी बघून पीक घ्यावं लागतंय, राव." मालकांच्या लेखी वीज आणि विहिरीचं पाणी यांत काडीचा फरक नव्हता. चार भावांत एक विहीर असली की पाण्याच्या पाळ्या ठरतात, ज्याचा त्याचा वार ठरतो. त्यांनी तोच कायदा तारेला लावला होता. दिवे आणि रेडिओ सगळ्यांनी रोज लावावेत, पण इस्त्री किंवा रॉड ज्यानं त्यानं आपल्या वारी. आमच्या वाट्याला मंगळवार आला. गुरुवार शेजारच्या ड्रायव्हरचा, शनिवार टोकाच्या खोलीतल्या कारकुनाचा, बुधवार-शुक्रवार उरलेल्या दोन बिऱ्हाडांचे, रविवार खुद्द मालकांचा. सोमवार कुणाचाच नाही, कारण सोमवारी बैलांच्या मानेवर जू ठेवायचं नाही ही त्यांच्या घरची रीत होती, आणि विजेलाही एक दिवस विसावा हवाच. रोज सकाळी हातात काठी घेऊन पाट बघावा तशी ते तार बघत फिरायचे. रिकाम्या होल्डरात करंट सांडू नये म्हणून चिंधी कोंबायचे. मी पहिल्या आठवड्यात त्यांना शास्त्र समजावून सांगायला गेलो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "आसंल तुमच्या कंपनीत तसं. हितं असं हाय."

गंमत म्हणजे त्यांचं शास्त्र सपशेल चुकीचं असलं, तरी त्यांची लाईन कधी बंद पडली नाही. तार बारीक, फ्यूज एक आणि बिऱ्हाडं पाच. दोघांनी एकदम इस्त्री लावली असती तर क्षणात सगळं ठप्प. मालकांना वॉट ठाऊक नव्हते, पण बाजेवरचा बल्ब किंचित मंदावला की ते नुसतं वर बघून सांगायचे, "ड्रायवरनं रॉड टाकला." जे ओळखायला मला पेटीतून मीटर काढावा लागायचा, ते हा माणूस तंबाखू चोळता चोळता सांगायचा. मी हात जोडले आणि मंगळवारी इस्त्री करू लागलो.

मग पौषात आमची मुलगी जन्मली, दिवस भरायच्या दीड महिना आधी. ओंजळीत मावेल एवढा जीव. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, "महिनाभर खोली गरम पाहिजे. रात्रंदिवस. कोळशाचा धूर मात्र नको." वर पत्रा, आणि दिघीच्या माळावरून येणारा वारा. मी विजेची शेगडी आणली आणि डोळे मिटून लावली. त्या दिवशी गुरुवार होता.

पाच मिनिटांत काठीचा आवाज आला. "वायरमन, आज बेस्तरवार. वार ड्रायवरचा हाय. आन् ही इस्त्री न्हवं, दुसरंच कायतरी हाय." खोली गेली तर या थंडीत पोरीला घेऊन जायचं कुठं? आणि अखंड शेगडी लावणाऱ्याला लाईट भाड्यात देईल असा दुसरा वेडा मिळणार कुठं? बायकोनं पदर बाजूला केला आणि पोरगी दाखवली. मालक वाकले. बराच वेळ बघत राहिले. मग तसेच मागं फिरले आणि अंगणात उभं राहून त्यांनी चारही बिऱ्हाडांना हाका मारल्या.

"ह्यांचं पीक कणसात आलंय," ते म्हणाले. "येकाचं पीक कणसात आलं की त्याला पानी तुटू द्यायचं न्हाई, बाकीच्यांनी आपला वार सोडायचा आसतोय. महिनाभर सगळे वार वायरमनचे."

ड्रायव्हरच्या बायकोनं लावायला काढलेली इस्त्री घरात जाऊन परत फळीवर ठेवली. इस्त्रीच्या घडीशिवाय उंबरा न ओलांडणारा तो कारकून महिनाभर चुरगळलेल्या सदऱ्यात कामावर गेला. मालकांनी तर स्वतःचा रेडिओसुद्धा बंद केला. मी म्हटलं, "अहो, रेडिओला काहीच लागत नाही." तर म्हणाले, "तुमी वायरमन, आमी शेतकरी. पाट फुटतो त्यो उंदराच्या बिळानंच." जास्तीचे पैसे देऊ केले, तेव्हा मात्र पहिल्यांदा आणि शेवटचे ते माझ्यावर रागावले. "लाईट भाड्यात म्हनलं ना? मग ऊन भाड्यात, वारा भाड्यात, आन् ही पोर बी भाड्यात!" महिनाभर तो माणूस भर दुपारीसुद्धा बाजेवर बसून मंदावलेल्या बल्बकडे बघत असायचा. बल्ब मंद आहे म्हणजे शेगडी चालू आहे, शेगडी चालू आहे म्हणजे पोर ठीक आहे. एवढं साधं गणित मला सुचलं नव्हतं. ते कळलं तेव्हा मी घरात जाऊन रडलो.

पोरगी जगली, शाळेत जाऊ लागली, आणि यंदा आम्ही निगडीकडे स्वतःचा ब्लॉक घेतला. मालक हुरड्याची कणसं घेऊन बघायला आले. पोरीनं बोट धरून त्यांना सगळं घर दाखवलं. त्यांना भिंतींत, फरशीत रस नव्हता. ते थेट मीटरपाशी जाऊन थांबले.

"ह्यात वार कुनाचा?"

"सगळे आमचेच," मी जरा अभिमानानंच म्हणालो. "मीटरच स्वतंत्र आहे."

"येकट्याचंच? रोज?" त्यांनी पोरीच्या डोक्यावर हात ठेवला. मग हलकेच म्हणाले, "मग अडीनडीला वार मागायचा कुनाकडं?"

आमच्या घरी अजूनही इस्त्री मंगळवारीच होते. एरवी कधी लावली, तर आपण दुसऱ्या कुणाचा तरी वार घेतोय असं वाटत राहतं.