सुभेदारभाऊजी आणि गैरहजर सुनयना

आमच्या कॉलनीतल्या सुभेदारभाऊजींच्या तावडीतून आजवर एकही सरकारी सवलत जिवंत सुटलेली नाही. देवळाली कॅम्पच्या आजूबाजूला ज्या ज्या घरातून कोणी फौजेत जाऊन आलं, त्या प्रत्येक घरावर आपला पहारा आहे अशी त्यांची प्रामाणिक समजूत. बारशाला गेले की पेढा तोंडात टाकण्याआधी बाळाच्या जन्माचा दाखला विचारतात. एका जवानाच्या विधवेनं मुलीचं लग्न काढलं, तेव्हा ऐन मंगलाष्टकांत तिच्या कानाशी जाऊन, "लग्नाच्या मदतीचा अर्ज टाकलाय ना?" असं हळूच पुटपुटले. उभी हयात तोफखान्यात गेल्यामुळे त्यांचा एक कान कामातून गेलाय, त्यामुळे त्यांचं हळूच म्हणजे भटजी थांबले, सनईवाला थांबला आणि नवरदेवानं दचकून अक्षता आपल्याच डोक्यावर टाकल्या.

सरकारी कचेरीत हा माणूस कधी बसत नाही. रिकाम्या खुर्च्या असल्या तरी भिंतीशी सरळ उभा. "वहिनी, बसला तो अर्जदार. उभ्या माणसाचं काम काय आहे, असा समोरच्याला घोर लागतो." त्यांच्या जुन्या मोपेडला मागे काळी ट्रंक बांधलेली असते. तिच्यात डिंक, सुईदोरा, शाईचा पॅड, कोणाकोणाचे जास्तीचे फोटो, आणि रांगेत चक्कर येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी शंकरपाळे. पण त्यांचा खरा हातखंडा म्हणजे तालीम. कचेरीत जायच्या आधी प्रत्येकीला त्यांच्या घरी तालमीला जावं लागतं. तिथं साहेब होतात त्यांच्या सौभाग्यवती. त्या डायनिंग टेबलामागे चष्मा नाकावर ओढून बसतात आणि कामात इतक्या रंगतात की एकदा समोरच्या बाईला "जेवणाची सुट्टी झाली, नंतर या" म्हणून खरोखरच स्वयंपाकघरात निघून गेल्या.

मी या सगळ्याला पोट धरून हसायची. माझी पाळी येईपर्यंत.

आमच्या ह्यांना कोणाकडे काही मागायचं म्हटलं की अंगावर काटा यायचा. सैनिकांच्या दवाखान्याचं कार्डसुद्धा त्यांनी कधी काढलं नाही. गेल्या वर्षी हे गेले. त्यानंतर जिना चढताना माझा श्वास वरच अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, छातीतली झडप खराब झालीय, ऑपरेशन लांबवण्यात अर्थ नाही. मुलाच्या ऐपतीच्या बाहेरची गोष्ट होती. भाऊजी म्हणाले, "काळजी कसली? जवानाच्या पत्नीचा हक्कच आहे." त्यांनी ह्यांचे कागद उघडले, आणि मी त्यांना पहिल्यांदा खाली बसलेलं पाहिलं. फौजेच्या दप्तरी ह्यांच्या पत्नीचं नाव होतं सुनयना. माझ्या आधारवर, रेशनकार्डावर, सगळीकडे मी चंद्रकला. सरकारच्या हिशेबी मी कोणाचीच कोणी नव्हते.

आता त्या सुनयनाची हकिगत सांगायला हवी, कारण तिच्याइतकी खुळी पोरगी आमच्या सासरच्या देवळा तालुक्यात दुसरी झाली नसेल. लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव काढलं, सुनयना. ताट धरून बसलेली माझी नणंद कानात म्हणाली, "दादानं आधी एक पोरगी बघितली होती, तिचं नाव बरं का." झालं. महाराणी फुगल्या. कोणी सुनयना म्हणून हाक मारली की बहिऱ्या. हे रजा संपवून पलटणीत गेले, तिथं इमानदारीत बायकोचं नाव लिहून दिलं, आणि त्याच नावानं पत्रं धाडू लागले. पोस्टमन दारात आला की मी पदर खोचून सांगायची, "या नावाचं इथं कोणी नाही." सासऱ्यांनी पोस्टमनला वेशीवर गाठून पत्रं घ्यायला सुरुवात केली, तेव्हा कुठे घरात खुशाली कळू लागली. हे पुढे चंद्रकला म्हणायला शिकले. का चिडतेस, हे त्यांनी विचारलं नाही आणि मानी बाईनं सांगितलं नाही.

भाऊजींनी मोहीम आखली. देवळ्याहून नणंदेला साक्षीला बोलावलं. रोज संध्याकाळी माझी तालीम. सौभाग्यवती पुकारायच्या, "सुनयनाबाई." मी खिडकीबाहेरचा शेवगा बघत बसलेली. "ताई, तुम्हालाच म्हणतेय मी." पुन्हा तेच. चौथ्या चहानंतरही माझं डोकं काही त्या नावाला वळेना. भाऊजी हसले नाहीत. "वहिनी, दुसरं काही आलं नाही तरी चालेल. एवढी एक ओ द्या." त्यांच्या आवाजात भीती होती, आणि तोफखान्यातल्या माणसाला घाबरलेलं बघून मला माझ्या छातीची पहिल्यांदा खरी भीती वाटली.

त्या दिवशी कचेरीत बाकावर मी, शेजारी मांडीवर कापडात बांधलेलं गाठोडं घेऊन पेंगणारी नणंद, आणि मोपेडवरून सोडून आणलेली ट्रंक पायाशी ठेवून भिंतीशी ताठ उभे भाऊजी. आत आपण स्वतः अवाक्षर बोलणार नाही, हे त्यांनी आधीच बजावलं होतं, नाहीतर साहेबांना वाटेल पढवून आणलंय. शिपाई दारात आला. "सुनयनाबाई." मी पंख्याकडे बघत होते. "सुनयनाबाई कोण?" भाऊजींच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसत होती, ती का उडतेय ते मात्र कळत नव्हतं. शिपाई दुसरा कागद वर घेणार, इतक्यात भाऊजींनी धाडकन टाच जुळवली. भिंत हादरली. मी ताडकन उठले, आणि तोंडातून जुन्या सवयीनं निघालं, "या नावाचं इथं कोणी नाही."

दार उघडंच होतं. साहेबांनी मान वर केली. "मग आजी, तुम्ही कोण?"

माझा श्वास अडकला. भाऊजींनी डोळे मिटून घेतले होते. तेवढ्यात नणंद जागी झाली, तरातरा आत गेली आणि गाठोडं सोडून पितळेचा हंडा टेबलावर दणकन ठेवला. "वाचा साहेब. वरती हिच्या मामानं लग्नाआधी घातलेलं नाव, चंद्रकला. त्याखाली माझ्या आईनं घातलेलं, सौ. सुनयना. शेजारणीच्या हंड्यात जायला नको म्हणून. हंडा एक हाय, बाई बी एकच शे."

साहेबांनी चष्मा काढून हंडा फिरवून पाहिला. "आजी, याच्यावर शिक्का कुठं मारू मी? आणि यांनी हे नाव का टाकलं?"

"माझ्यामुळं," नणंद म्हणाली. "मी हिला चिडवलं, दादानं आधी सुनयना नावाची पोरगी बघितली म्हणून. तशी कोणी नव्हतीच साहेब. हिचे डोळे बघून ठेवलं होतं त्यानं. मी तर विसरून बी गेले. ही लय डोक्यात घेऊन बसली."

भाऊजी ट्रंकेत वाकून शंकरपाळ्याचा डबा उगाच खालीवर करत राहिले. साहेबांनी माझ्याकडे, माझ्या मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांकडे जरा वेळ पाहिलं. मग नणंदेची साक्ष लिहून घेतली, प्रतिज्ञापत्र करून आणायला सांगितलं आणि म्हणाले, "पुढं मी स्वतः पाठवतो."

ते आठवडे कसे गेले ते माझं मलाच माहीत. उशीला टेकून बसल्याशिवाय झोप नाही, आणि दारात मोपेड वाजली की आशा. शेवटी कार्ड आलं, ऑपरेशन झालं. तोवर भाऊजी दवाखान्यातही भिंतीशी उभे होते म्हणे. नर्सनं खुर्ची दिली तर तिलाच बस म्हणाले.

आता रोज सकाळी ते मोपेड आमच्या फाटकाशी थांबवून पुकारतात, "सुनयनाबाई?" हजेरी पक्की होईपर्यंत हलायचं नाही, असा त्यांचा नियम. मी "हजर" म्हणते. त्यांचा कान अधू आहे, या निमित्तानं जरा मोठ्यानंच म्हणते. कधी काळी ज्यांनी ही हाक मारली होती, ते बरेच लांब गेलेत. गेलं ऐकू, तर जावं.