जुन्या राउटरला न सांगितलेला पासवर्ड

तुमचे आजोबा गेले त्याच्या आधीच्या रविवारी ते तुम्हाला दिसले नाहीत. नेट गेलं होतं, असं मी तुम्हाला सांगितलं. नेट गेलं नव्हतं. काय झालं होतं ते आता नीट लिहून ठेवते.

आजोबांना झटका आल्यावर त्यांची उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि नजरही अंधूक झाली. मोबाइलवरचे तुमचे चेहरे त्यांना कळत नसत. म्हणून मी त्यांच्या खोलीत, पलंगासमोर, जुना कॉम्प्युटर मांडला. त्याचा पडदा मोठा. पण त्या कॉम्प्युटरला नेट वायरनेच लागतं, आणि आपला राउटर पुढे, रस्त्याकडच्या खोलीत. आजोबांची खोली पार मागे, चिकूच्या वाडीच्या बाजूला. तिथे मोबाइलला धड रेंजही नाही. आधी कौलांखालून लांब वायर ओढली होती. खारींनी ती आठ दिवसांत कुरतडली.

मग मी कपाटातून जुना राउटर काढला. त्याच्या खोक्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘चालू आहे, पण जुना.’ माझ्या अशा चिठ्ठ्यांवरून आजोबा मला फार चिडवत. "एक दिवस माझ्यावरही डकवशील," म्हणायचे.

तुमचे बाबा फोनवर वैतागले. "आई, नवीन घे ना. कशाला जीव काढतेस?"

"चालतंय ते मी टाकत नाही. तू फक्त सांग, मी लिहून घेते."

दोन दिवस लागले. सेफ्टी पिनचं टोक मागच्या भोकात दाबून आधीचं सगळं पुसलं. मग त्याचा नंबर बदलला, कारण एका घरात दोन राउटर एकाच नंबरवर राहू शकत नाहीत. शेवटी पुढच्या राउटरचं नाव आणि पासवर्ड त्यात भरला. आता पुढच्याने हवेतून पाठवलेलं हा जुना मधल्या खोलीच्या खिडकीत पकडणार आणि वायरीने कॉम्प्युटरला देणार. चालू झालं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी नऊला, म्हणजे तुमच्या शनिवारी संध्याकाळी, तुम्ही पडद्यावर यायचात. शाळेच्या दिवशी फोन नाही, हा नियम माझाच. आजोबा साडेआठपासून पडद्याकडे बघत असत. डावा हात उचलून तुमच्या गालांना लावायला जात.

त्यातल्या एका रविवारी चित्र अडकलं. धाकटीचं तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि ते तसंच राहिलं. आजोबांना वाटलं तिला काही झालं. ते रडले. लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांना तसं रडताना पाहिलं नव्हतं.

मला कारण शोधायचं होतं, आणि ते मला घरापुढच्या ओट्यावर सापडलं. चिकू उतरवायला सायवन गावाकडून जीपने मजूर येतात. जेवणाच्या सुट्टीत आणि चहाला ते ओट्यावर बसून मोबाइल बघतात. पासवर्ड आजोबांनीच, झटका येण्याआधी, त्यांना दिला होता. यांच्यामुळेच नेट कमी पडतं, असं मी ठरवलं. पुढच्या शनिवारी संध्याकाळी पुढच्या राउटरचा पासवर्ड बदलला आणि वहीत लिहिला. रविवारी तुम्ही स्वच्छ दिसाल, या समाधानात होते.

रविवारी नऊ वाजता पडदा काळा. दोन्ही राउटर बंद करून चालू केले. वायर काढून परत लावली. पुढच्या खोलीत जाऊन तुमच्या बाबांना फोन केला.

"काही बदललंस का, आई?"

"काही नाही," मी म्हटलं. अगदी खात्रीने म्हटलं. पासवर्ड ही माझ्या लेखी मजुरांची बाब होती, आजोबांच्या खोलीशी तिचा संबंधच नव्हता.

आजोबांचं करायला येणारी बाईही सायवनचीच. ती दारात उभी होती. "आजी, माझ्या मोबाइलात पण कालपासून येत नाय."

"इथे काय चाललंय, आणि तुला तुझ्या मोबाइलचं पडलंय?"

तिने मला उत्तर दिलं होतं, मी ते ऐकलं नाही.

मग साधा फोन आजोबांच्या कानाला लावला. तुम्ही दोघं "आजोबा, आजोबा" ओरडत होतात, आवाज तुटत होता. ते काळ्या पडद्याकडेच बघत होते. हात तिकडेच नेत होते. शेवटी त्यांनी मान भिंतीकडे वळवली. मी तुम्हाला म्हटलं, "नेट गेलंय. पुढच्या रविवारी."

सोमवारी दुपारी मजूर नेहमीसारखे ओट्यावर बसले. एकाने विचारलं, "आजी, वायफाय बंद केला काय?" तेव्हा माझ्या डोक्यात आलं. मजुरांना बाहेर काढलं, तेव्हा मी जुन्या राउटरलाही बाहेर काढलं होतं. नवा पासवर्ड त्याला कोण सांगणार? पाच मिनिटांचं काम होतं. पडदा उजळला. आजोबांनी मान वळवली.

त्याच वेळी तुम्हाला फोन लावायला हवा होता. तुमच्याकडे मध्यरात्र उलटली होती आणि सकाळी शाळा. तुम्हाला उठवलं असतं तर काय बिघडलं असतं? मी रविवारची वाट बघायचं ठरवलं. गुरुवारी सकाळी आजोबा गेले. ते तीन दिवस त्यांच्यासमोर पडदा चालू होता, आणि त्यावर कोणी नव्हतं.

नंतर तुमच्या बाबांनी सांगितलं, चित्र मजुरांमुळे अडकलंच नसेल. जुना राउटर, त्याची तेवढीच ताकद. नवीन घे म्हटलं होतं, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

पासवर्ड मी परत पहिलाच ठेवला आहे. त्या बाईची माफी मागितली. "जाऊ द्या आजी," म्हणाली, आणि चादरी धुवायला घेऊन गेली.

तुम्ही आता फोन करताना वार बघू नका. शाळेच्या दिवशी केलात तरी मी रागावणार नाही.