स्टेला मॅडमची नवी आखणी

कोपरगावजवळच्या एका शाळेत स्टेला साळवे खेळ शिकवतात. फ्लॅग फुटबॉल त्या मोबाईलवर बघून शिकल्या आणि मग मुलींना शिकवू लागल्या. लंबगोल चेंडू हातानं फेकायचा, जिनं झेलला तिनं समोरच्या टोकाकडं पळत सुटायचं, आणि कमरेची पट्टी कुणी ओढली की तिथंच थांबायचं. संघ पाच जणींचा, पण मदार सगळी फेकणारीवर.

दोन वर्षं ती जागा धनश्रीची होती. तिचा हात म्हणजे गोफणच. मॅडमनी सगळे डाव तिच्याच बेतानं बांधलेले : दोघींनी थेट टोकापर्यंत पळायचं आणि धनश्रीनं चेंडू लांब सोडायचा. दहावी होऊन ती नाशिकला गेली, जागा ज्ञानेश्वरीकडं आली. डाव मात्र तेच राहिले.

चेंडू निम्म्या वाटेतच पडायचा. "अजून जोर लाव की गं!" मॅडम ओरडायच्या. आठवडाभरात ज्ञानेश्वरी सरावाला यायचीच बंद झाली.

शनिवारी दुपारी मॅडम तिच्या वस्तीवर गेल्या. तिथं टेम्पोत कलिंगडं भरणं चाललेलं. ज्ञानेश्वरी मधे उभी. बापाकडून आलेलं कलिंगड हातात टेकतंय न टेकतंय तोच ती पुढं टाकायची. कधी टेम्पोतल्या आईकडं, कधी चुलत्याकडं. ज्याचे हात रिकामे, बरोबर त्याच्याच ओंजळीत. एकही फुटलं नाही. मॅडम बांधावर उभ्या राहून बघतच राहिल्या.

"मॅडम, माझा हात धनश्रीताईसारखा न्हाई," ज्ञानेश्वरी खाली मान घालून म्हणाली. "दुसरी कुनी बघा."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही. डाव माझे चुकले. सोमवारी ये."

सोमवारी नवी आखणी झाली. एकीनं चार पावलांवर आडवं पळायचं, दुसरीनं सहा पावलांवर गर्रकन वळायचं, तिसरीनं बाजूला सरकायचं. मोकळी दिसेल तिला ज्ञानेश्वरीनं लगेच चेंडू द्यायचा, हातात धरून ठेवायचाच नाही.

नगरच्या सामन्यात समोर उंच, दांडग्या पोरी होत्या. त्या ज्ञानेश्वरीवर झेपावायच्या, तोवर चेंडू कधीच गेलेला असायचा. पाच-पाच पावलं करत संघ पुढं सरकला. चिडून समोरच्या सगळ्या जवळ गोळा झाल्या, तशी ज्ञानेश्वरीनं अंगातला होता नव्हता तेवढा जोर काढून चेंडू त्यांच्या डोक्यावरून भिरकावला. फार लांब नाही गेला. पण तो झेलून टोकाकडं पळणारीला अडवायला मागं कुणी उरलंच नव्हतं.

सामना जिंकला तेव्हा मॅडम अशा उड्या मारत होत्या, की पंचांनी त्यांना दोनदा रेषेमागं जायला सांगितलं.