हिरव्या पेनाची वंशावळ

आमच्या फ्रीजमध्ये रक्ताच्या नळ्या साठत गेल्या आणि माझ्या डोक्यात किस्से. नळ्यांवर नंबर असतात, किश्श्यांवर नसतात. त्यामुळे आठवतील तसे सांगते.

आमच्या वसुधा मॅडम शास्त्रज्ञ. डोळ्यांचे आजार घराण्यांत कसे उतरतात, हे त्या धाराशिव जिल्ह्यात फिरून शोधतात. मी त्यांच्या टीममध्ये रक्त काढते. म्हणजे शिव्या खायचं काम माझं!

तामलवाडीच्या तात्यांना आधी दिवस मावळला की दिसेना, मग दिवसाही दिसेना. आता नातू दत्ताची तीच गत. दत्ताची बहीण सविता धडधाकट, पण भावाच्या डोळ्यांपायी तिची दोन स्थळं मोडली. तिनंच आम्हाला घरी बोलावलं.

मी सुई काढली तसे तात्या गरजले, "आजार डोळ्याला आन् सुई दंडाला? ही कसली डाक्टरकी?"

"तात्या, आजार दिसतो डोळ्यात, पण त्याचं मूळ रक्तात सापडतं," मॅडम म्हणाल्या.

तात्यांनी जरा विचार केला. "मग डाव्या हाताचं घ्या. उजव्यानं म्या चाचपतो!"

*

मग मॅडम वंशावळ काढायला बसल्या. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आणि आजारी माणसाचं चिन्ह काळ्या पेनानं भरायचं, ही जगभरची पद्धत. दत्ताचा चौकोन भरायला घेतला आणि त्याची आई उसळली, "जित्या लेकराला काळं फासता व्हय?"

मॅडमनी मुकाट्यानं माझ्या खिशातला हिरवा पेन घेतला. तेव्हापासून आमच्या लॅबमधल्या सगळ्या वंशावळी हिरव्या! परदेशातून आलेल्या एका पाहुण्यानं कारण विचारलं, तर मॅडम शांतपणे म्हणाल्या, "इथला नियम आहे."

*

जळकोटच्या एका घरातही अगदी हाच आजार होता. आडनाव वेगळं, नातं कुणालाच ठाऊक नाही. दोन्ही घरांचा दुवा लागेना, म्हणून मॅडम अगदी रडकुंडीला आलेल्या. अशात तात्यांच्या दारात हेळवी आला. हे लोक पिढ्यान्पिढ्या घराण्यांच्या वंशावळी लिहून ठेवतात आणि घरोघरी वाचून दाखवतात. त्यानं चोपडी उघडली, चष्मा लावला आणि वाचता वाचता म्हणाला, "तात्या, तुमच्या पणज्याचा, राणोजीचा, धाकला भाऊ जळकोटला दत्तक गेला."

मॅडम ताडकन उठल्या आणि त्याच्या पायाच पडल्या!

हेळवी बावरला. "बाई किती शिकल्यात?" त्यानं मला हळूच विचारलं.

"चोवीस वर्षं."

"आन् तरी मलाच विचारावं लागलं?"

*

दोष नेमका कुठल्या जनुकात आहे, याचा फोन आला तेव्हा आम्ही एसटीत होतो. मॅडम कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी किंचाळल्या, "सापडलं!" आणि रडायलाच लागल्या.

कंडक्टरनं बेल मारून गाडी थांबवली. अर्धी एसटी सीटखाली वाकून बघायला लागली. एक आजी म्हणाल्या, "गावलं न्हवं? मग रडती कशाला, बाई?" मीही रडत होते. इतकी वर्षं उन्हातान्हात फिरलो त्याचं चीज झालं होतं.

*

सविताचा रिपोर्ट मॅडमनी फक्त तिलाच समजावून सांगितला. दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच डोळे जातात. सविताकडे तो एकाच बाजूनं आला होता, म्हणजे तिच्या डोळ्यांना धोका नाही.

"नवऱ्यात हा दोष नसला, तर माझ्या लेकरांना हा आजार व्हायचा न्हाय?"

"नाही होणार!"

पुढच्याच रविवारी नात्यातलं स्थळ बघायला आलं. सवितानं मला हट्टानं बोलावलं होतं आणि 'रक्त काढणाऱ्या ताई' अशी सगळ्यांना ओळखही करून दिली. पोह्यांच्या बशा फिरल्या आणि मुलाच्या आईनं विचारलं, "ते डोळ्याचं... पोरीत न्हाय ना?"

तात्यांनी मान खाली घातली. सविता उठली, कपाटातून रिपोर्ट काढला आणि पोह्यांशेजारी ठेवला.

"हाय. एका बाजूचा हाय. आता तुमच्या पोराचा रिपोर्ट दावा."

"अगं, त्याला काय झालंय?"

"मला तरी काय झालंय?"

घास तसेच हातात राहिले. मुलानं बशी खाली ठेवली, शर्टाची बाही कोपराच्या वर सरकवली आणि हात माझ्यापुढं धरला.

"ताई, सुई आणलीय न्हवं?"